वाफ्यावरचा राखणदार

मंचर, नारायणगाव, ओतूर किंवा आळेफाट्याच्या कृषी सेवा केंद्रात ‘ट्रायको द्या’ म्हटलं की दुकानदार एवढंच विचारतो, पावडर की लिक्विड? पावडरच्या पाकिटात पांढुरकी, किंचित हिरवट भुकटी असते. वर छापलेलं असतं: ट्रायकोडर्मा व्हिरिडी, एक टक्का डब्ल्यूपी. या मालाच्या एका ग्रॅममध्ये निदान २० लाख जिवंत बुरशीकण असावेत असा नियम आहे. बाकी बहुतेक सगळं शंखजिरं. कांद्याचं रोप टाकताना, टोमॅटोच्या आळवणीत, डाळिंबाच्या बुडाशी, आल्याच्या बेण्याला, हरभऱ्याच्या बियाण्याला, जिथं म्हणून मुळाची आणि मातीची गाठ पडते तिथं हे पाकीट फुटतं. दुकानात ते ज्या रॅकवर असतं त्याच रॅकवर शेजारी कार्बेन्डाझिमचा पुडा असतो, आणि त्या पुड्यातलं औषध या पाकिटातल्या जिवाला मारतं.

शेतात सोडायचा जीव औषधांच्या रॅकवर कसा येऊन बसला, याची कुळकथा दोनशे वर्षांहून जुनी आहे. तिच्यात युरोपातलं कुजकं लाकूड येतं, कॅलिफोर्नियातली संत्र्या-लिंबांची रोपं येतात, सॉलोमन बेटांवरचे सडलेले लष्करी तंबू येतात, पिंपरीचा सरकारी औषध कारखाना येतो आणि राजगुरुनगरचं कांदा संशोधनही येतं. या कथेत बुरशीची नावं बदलतात, माणसं बदलतात, खंड बदलतात. मुक्काम मात्र पुन्हापुन्हा एकाच ठिकाणी पडतो: रोपाच्या वाफ्यावर.

आधी आग

रोप कोलमडणं हा वाफ्याचा सगळ्यात जुना रोग. बी उगवून जेमतेम बोटभर वर आलेलं असतं. मातीला टेकलेला बुडखा एके सकाळी पाणी भरल्यागत दिसतो, दुपारपर्यंत तपकिरी होऊन बारीक पडतो आणि वरचा हिरवागार शेंडा तसाच आडवा होतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या भोवतीची रोपं, तिसऱ्या दिवशी आणखी भोवतीची. गादीवाफ्यावर गोल मोकळ्या जागा दिसू लागल्या की समजायचं, मर लागली. हे काम पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युजारियम, फायटोप्थोरा या मातीतल्या बुरशीवर्गीय जिवांचं. दाट पेरा, साचलेलं पाणी, ढगाळ हवा आणि न कुजलेलं शेणखत मिळालं की त्यांना रान मोकळं.

वाफा आधीच साफ करून ठेवण्याचा सह्याद्रीच्या कुशीतला जुना उपाय म्हणजे राब. आंबेगावच्या पश्चिमेला डिंभे धरणाच्या वर आहुप्याकडे आणि जुन्नरच्या मीनेर-कुकडनेर मावळात महादेव कोळी शेतकरी भाताच्या रोपासाठी राब भाजत आले. खाली शेण, त्यावर झाडाचे टहाळे, मग पालापाचोळा आणि गवत, सगळ्यात वर बारीक मातीचा थर. उन्हाळ्यात हा थर सावकाश धुमसत जळू द्यायचा. आग भडकली तर माती तापण्याआधीच इंधन संपतं, म्हणून वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवायचं. तणाचं बी मरतं, किडीची अंडी मरतात, वरची माती भाजून निघते, राख मिळते आणि पावसाच्या पहिल्या सरींनंतर त्या जागी भाताचं रोप जोमानं येतं.

इंग्रज अधिकाऱ्यांना राबाचं कोडं होतं. जंगल खात्याला टहाळ्यांसाठी होणारी तोड खुपत होती, तर शेतकरी राबाशिवाय भात होत नाही म्हणत होते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्या साथीनं या पद्धतीवर प्रयोग केले आणि १९१२ मध्ये पश्चिम भारतातल्या राबावर प्रबंध छापला. राखेचं खत किती उपयोगी आणि नुसत्या तापण्यानं मातीत काय घडतं, असा तो प्रश्न होता. मातीतले सूक्ष्मजीव कमी-जास्त झाले की पीक बदलतं, ही कल्पना त्या काळी इंग्लंडातही नवीच होती.

तापवलेली माती रिकामी राहत नाही, हे पुढं उमगलं. जिवांची वस्ती उठली की जो आधी परततो तो जागा धरतो. या शर्यतीत नेहमी पुढं असणाऱ्यांपैकी एक म्हणजे आपल्या पाकिटातली हिरवी बुरशी.

मग विष

आगीनंतर विषाची पाळी आली. फ्रान्समध्ये बोर्दोच्या प्राध्यापक मिलार्दे यांनी १८८५ मध्ये मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण द्राक्षावरच्या केवड्यासाठी जाहीर केलं. जुन्नरच्या द्राक्षबागेत आजही छाटणीनंतर ओलांड्यांना बोर्डो लागतं ते तेच. आपल्याकडं बियाण्याच्या औषधाचा पहिला मोठा प्रसार ज्वारीच्या काणीसाठी झाला. मुंबई इलाख्यातल्या ज्वारीच्या काण्यांवर जी. एस. कुलकर्णी यांची पुस्तिका पुसाच्या संशोधन संस्थेनं १९१८ मध्ये काढली. बी मोरचुदाच्या पाण्यात बुडवणं, पुढं त्याला गंधकाची भुकटी चोळणं, हे खेडोपाडी पोचलं. पेरण्याआधी बियाण्याला काहीतरी चोळायचं, ही सवय तिथून लागली. आज हरभऱ्याच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळणारा हात त्याच सवयीनं चालतो.

गंधकानंतर थायरम आलं, कॅप्टन आलं, मग रोपाच्या अंगात शिरणारं कार्बेन्डाझिम आलं. त्याच सुमाराला इथली शेती मुळापासून बदलली. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणं झाली, कालव्यांना पाणी आलं आणि बाजरी-मटकीच्या रानात ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्ष उभं राहिलं. पाण्यानं पैसा आणला, तसा एक वेगळा ताणही आणला. पूर्वी उन्हाळाभर रान तापत पडायचं. आता त्याच तुकड्यात टोमॅटोवर टोमॅटो आणि कांद्यावर कांदा. फ्युजारियमचे जाड कवचाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात, आणि त्यांना दर हंगामाला आवडीचं मूळ मिळू लागलं. औषध जितकं नेमक्या जागी मारा करणारं, तितकी बुरशी त्याला लवकर सरावते, हाही अनुभव आला. विष मातीवर पडून संपून जात होतं, रोगाची वस्ती मात्र तिथंच राहत होती.

ताटलीतली मारामारी

एका जिवावर दुसरा जीव सोडायचा, ही कल्पना किडींच्या बाबतीत आधी रुजली होती. रोगांच्या बाबतीत ती रोपवाटिकेत जन्मली. अमेरिकेत वनरोपवाटिकांमधली पाइनची रोपं कोलमडत होती. कार्ल हार्टली यांनी माती तापवून निर्जंतुक केली आणि तीत निरुपद्रवी बुरशी-जिवाणू मुद्दाम घातले. १९२१ मध्ये त्यांनी हे काम छापलं. रोपाच्या रोगावर जिवंत सूक्ष्मजीव मातीत सोडण्याचा हा सर्वांत आधीच्या नोंदलेल्या प्रयत्नांपैकी एक.

पाच वर्षांनी कॅनडात सॅनफर्ड यांनी बटाट्याकडे पाहिलं. हिरवळीचं खत गाडलेल्या जमिनीत बटाट्याच्या सालीवरचे खरुजेसारखे चट्टे कमी येतात, आणि हे खतानं वाढलेल्या इतर जिवाणूंमुळं होत असावं, असं त्यांनी मांडलं. पेठ-कुरवंडीच्या सातगाव पठारावर पावसाळी बटाटा घेणाऱ्यांना ताग गाडण्याचा फायदा समजावून सांगावा लागत नाही. सॅनफर्ड त्याचं कारण शोधत होते. १९३१ मध्ये त्यांनी ब्रॉडफूट यांच्यासह गव्हाच्या मूळरोगावर लिहिताना या प्रकाराला जैविक नियंत्रण म्हटलं.

आणि मग १९३२. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या लिंबूवर्गीय फळांच्या प्रयोग केंद्रात रिचर्ड वाइंडलिंग हे जर्मनीहून आलेले शास्त्रज्ञ रायझोक्टोनियानं कोलमडणाऱ्या रोपांवर काम करत होते. काचेच्या ताटलीत एका बाजूला रायझोक्टोनिया आणि समोरच्या बाजूला ट्रायकोडर्मा असं त्यांनी लावलं. पुढचं दृश्य आज कुठल्याही कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पाहायला मिळतं.

ताटलीतलं अन्नही ओळखीचं असतं. २०० ग्रॅम बटाटे उकळून गाळलेलं पाणी, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि १५-२० ग्रॅम अगर, असं लिटरभर. त्यावर ट्रायकोडर्माचा वाटाण्याएवढा तुकडा ठेवला की पहिल्या दिवशी कापसासारखे पांढरे तंतू पसरतात. तीन-चार दिवसांत ते सगळी ताटली व्यापतात आणि त्यांच्यावर हिरव्या रंगाची वलयं उमटतात. हा हिरवा रंग बीजाणूंचा. झाकण उचललं तर काही वाणांना चक्क ओल्या खोबऱ्याचा वास येतो. हा वास ज्या द्रव्याचा असतो ते स्वतःच इतर बुरशींची वाढ रोखतं.

दोन्ही बुरशी जिथं भिडतात तिथला कण सूक्ष्मदर्शकाखाली घेतला की वाइंडलिंग यांनी पाहिलं तेच दिसतं. ट्रायकोडर्माचा बारीक तंतू रायझोक्टोनियाच्या जाड तंतूला वेटोळे घालतो. बुरशीच्या भिंतीत कायटिन आणि ग्लुकॅन असतं. ते विरघळवणारी विकरं हा सोडतो. भिंत जागोजाग खचते, आतला जीवरस विस्कटतो आणि थोड्या वेळानं जाड तंतू रिकामी नळी होऊन उरतो. मेलेल्या तंतूवर हा वाढतो. म्हणजे केवळ जागा अडवून शत्रूला उपाशी ठेवण्यावर हा थांबत नाही, त्याला खातोही. या परजीवीपणाची नोंद करणारा वाइंडलिंग यांचा १९३२ चा लेख हा या सगळ्या धंद्याचा मूळपुरुष.

त्यांचा पुढचा अनुभव आपल्या उपयोगाचा आहे. ताटलीत जिंकणारी बुरशी वाफ्यात तितकी चालेना. एच. एस. फॉसेट यांच्यासोबत केलेल्या प्रयोगांत माती आम्लधर्मी केली तेव्हाच तिनं रोपं वाचवली. इथली काळी, चुनखडीची जमीन नेमकी उलट स्वभावाची. म्हणजे कॅलिफोर्नियातला वाण आणून शिंपडला आणि काम झालं, असं होणार नव्हतं. इथल्या मातीत जगणारा वाण इथंच शोधावा लागणार होता.

त्याच रिव्हरसाइडला १९५१ मध्ये डोनाल्ड ब्लिस यांनी आणखी एक धागा जोडला. संत्र्याची मुळं कुजवणारी आर्मिलेरिया बुरशी कार्बन डायसल्फाइडची धुरी दिली की मरायची, म्हणून श्रेय धुरीला मिळायचं. ब्लिस यांनी दाखवलं की धुरी दिलेल्या मातीत ट्रायकोडर्मा मोठ्या वेगानं वाढतो, आणि आर्मिलेरियाचा खरा निकाल तो लावतो. विषानं फक्त मैदान मोकळं केलं होतं.

पिंपरीचा फाटा

या कुळाला एक दुसरी शाखा आहे आणि ती पुणे जिल्ह्यातूनच गेली. वाइंडलिंग आणि इमर्सन यांनी १९३६ मध्ये आपल्या बुरशीनं सोडलेलं विष वेगळं काढलं. पुढं त्याला ग्लायोटॉक्सिन म्हणू लागले. मग विचार असा आला की जीव कशाला सोडायचा, त्याचं शस्त्र काढून तेवढंच फवारू. ग्लायोटॉक्सिन मातीत टिकाव धरेना. पण कल्पना मेली नाही. १९४३ मध्ये सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत मातीतल्या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं आणि प्रतिजैविकांचं युग सुरू झालं.

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिथं पेनिसिलिन तयार होऊ लागलं. तिथले एम. जे. तिरुमलाचार मूळचे बुरशीतज्ज्ञ, वनस्पतिरोगांचे अभ्यासक. माणसांची औषधं करणाऱ्या कारखान्यात त्यांनी पिकांचाही विचार केला. १९६४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ऑरिओफंजिन हे पिवळं, बुरशीनाशक प्रतिजैविक जाहीर केलं. ते झाडांच्या रोगांसाठी विकलं गेलं. कंपनीचं दुसरं उत्पादन स्ट्रेप्टोसायक्लिन तर डाळिंबावरच्या तेल्यासाठी घरोघरी माहीत झालं. शेतकऱ्याच्या लेखी ते औषधच होतं. ते मुळात मातीतल्या जिवाणूचं शस्त्र आहे हे पुडीवरून कळायचं नाही.

या शाखेची अडचण पुढं स्पष्ट झाली. जे प्रतिजैविक माणसाच्या क्षयरोगावर चालतं तेच बागेत फवारलं तर त्याला सरावलेले जिवाणू दोन्हीकडे तयार होतात. शेतीतला स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनचा वापर बंद करण्याचा मसुदा केंद्र सरकारनं २०२१ च्या डिसेंबरात काढला. काढून घेतलेलं शस्त्र बोथट होतं. जिवंत जीव मात्र समोरच्याबरोबर बदलू शकतो, आणि म्हणून पहिल्या शाखेकडे पुन्हा पाहणं भाग पडलं.

शंखजिऱ्यातून गावात

भारतात या विचाराचा पाया दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत आर. एस. वासुदेव यांच्या तुरीच्या मरीवरच्या कामानं घातला गेला. १९५० च्या दशकात त्यांनी तुरीच्या फ्युजारियमला रोखणारा बॅसिलस जिवाणू आणि त्याचं प्रतिजैविक अभ्यासलं. पण हे सगळं प्रयोगशाळेत. गावात पोचायला एक साधा प्रश्न सुटायला हवा होता: हा जीव बांधून कशात द्यायचा?

तो प्रश्न कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठात सुटला. तिथं जयराजन आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढच्या काही वर्षांत मळीच्या पाण्यावर किंवा तत्सम स्वस्त द्रवात बुरशी वाढवून ती टाल्कमध्ये, म्हणजे शंखजिऱ्याच्या पुडीत मिसळली. शंखजिरं स्वस्त, कोरडं, बियाण्याला चिकटणारं आणि बुरशीला त्रास न देणारं. किलोच्या पिशवीत भरून एसटीनं कुठंही पाठवता येईल असा माल तयार झाला. आज नारायणगावच्या रॅकवर आहे तो त्याचाच वंशज.

माल झाला तसा कायदाही आला. १९९९ मध्ये रोगनाशक बुरशी आणि जिवाणू १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या यादीत घेतले गेले. दर ग्रॅमला किमान किती जिवंत कण, ओलावा आठ टक्क्यांच्या आत, माणसाला घातक जिवाणू नकोत, अशी मापं ठरली. या नोंदणीमुळं बनावट मालावर थोडा लगाम बसला. पण जिवंत प्राण्याची नोंद विषाच्या वहीत झाली, आणि दुकानातही त्याची मांडणी विषांच्याच ओळीत झाली.

आपल्या भागात त्याला खरं घर मिळवून दिलं कांद्यानं. कांदा-लसणाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९८ मध्ये नाशिकहून राजगुरुनगरला आलं आणि पुढं संचालनालय झालं. मंचरहून ते अर्ध्या तासाच्या वाटेवर. रोपवाटिकेसाठी त्यांची शिफारस सरळ आहे. सपाट वाफा नको. १०-१५ सेंटीमीटर उंचीचा, मीटरभर रुंदीचा गादीवाफा हवा, म्हणजे पाणी बुडाशी थांबत नाही. बी फेकायचं नाही, ओळीत टाकायचं. आणि हेक्टरभर लागवडीच्या रोपांसाठी १,२५० ग्रॅम ट्रायकोडर्मा कंपोस्टमध्ये मिसळून वाफ्यात घालायचा. औषधाआधी वाफ्याचा आकार सांगितला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पाणी साचलेल्या सपाट वाफ्यात पिथियम पोहत फिरतो. तिथं कुठलाही राखणदार पुरा पडत नाही.

मराठवाड्यात परभणीच्या कृषी विद्यापीठानं अनेक उपयोगी बुरशी-जिवाणूंचं एकत्र मिश्रण करून ‘बायोमिक्स’ नावानं दिलं, तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानं वेलीवरच मिळालेल्या बॅसिलस जिवाणूंना भुरीविरुद्ध कामाला लावलं. द्राक्षात जैविकाचा रेटा वेगळ्या दिशेनं आला. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशामुळं भारतीय द्राक्षांची युरोपची वाट अडली होती. तेव्हापासून काढणीच्या आधीच्या दिवसांत अंश न सोडणारं काही हवं, ही गरज जुन्नरच्या निर्यातदार बागायतदारालाही कळली.

नावाचा घोळ

आता पाकिटावरचं नाव. ट्रायकोडर्मा हे कुळ ख्रिस्तियान पर्सून यांनी १७९४ मध्ये स्थापलं. कुजक्या लाकडावरच्या हिरव्या भुकटीला त्यांनी व्हिरिडी म्हटलं. त्यानंतर पावणेदोनशे वर्षं जवळजवळ प्रत्येक हिरवी ट्रायकोडर्मा बुरशी व्हिरिडी या एकाच खुंटीला अडकवली गेली. १९६९ मध्ये मियन रिफाई या इंडोनेशियन शास्त्रज्ञानं कुळाची नऊ गटांत फेरमांडणी केली, हर्झियानम त्यातलाच. डीएनए वाचता येऊ लागल्यावर गणित पुन्हा फिसकटलं. १९९९ मध्ये व्हिरिडीतून ॲस्परेलम वेगळी काढली गेली. २००६ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं की खरी व्हिरिडी बहुतांशी थंड प्रदेशात राहणारी आहे. ‘व्हिरिडी’ म्हणून जगभर शेतात वापरलेले कितीतरी वाण प्रत्यक्षात ॲस्परेलम किंवा तिचे भाऊबंद निघाले.

खुद्द मूळपुरुषाच्या घरीही हाच गोंधळ. वाइंडलिंग यांनी ज्या बुरशीला लिग्नोरम म्हटलं, ग्लायोटॉक्सिन काढणारी ती पुढं व्हिरेन्स ठरली.

या घोळात एक नातेवाईक भलताच मोठा झाला. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि कपडे सडत होते. सडलेल्या कापडावरून वेगळी काढलेली एक बुरशी सेल्युलोज खाण्यात पटाईत निघाली. तिच्यावर आयुष्य घालवलेल्या एल्विन रीस यांच्या नावावरून १९७७ मध्ये तिचं नाव रीसी पडलं. आज जीन्सचं कापड मऊ करणारी आणि पिकांच्या अवशेषांतून इथेनॉलसाठी साखर काढणारी विकरं तिच्यापासून मिळतात. तंबू खाण्याचा हा गुण सगळ्या कुळात कमी-अधिक आहे. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांच्या पट्ट्यात उसाचं पाचट न जाळता सरीत ठेवून त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं संवर्धक टाकतात. त्या संवर्धकात ट्रायकोडर्मा असतो तो याच गुणासाठी. आणि याच गुणापायी मशरूमच्या शेडमध्ये तो शत्रू ठरतो. भुशाच्या पिशवीवर हिरवा डाग दिसला की अळिंबीवाला ती पिशवी तातडीनं बाहेर काढतो. बुरशी खाणारी बुरशी अळिंबीला कशी सोडेल?

जिवंत मालाचा व्यवहार

ही सगळी कुळकथा शेतकऱ्यानं पाठ करण्याची गरज नाही. पण तिच्यातून पाकीट विकत घेणाऱ्याला तीन गोष्टी मिळतात.

पहिली, जातीच्या नावापेक्षा तारीख महत्त्वाची. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोदामात तापलेल्या पाकिटात कागदावर २० लाख असतात, आत किती उरले ते वेगळं. म्हणून ताजा माल, सावलीत ठेवलेला, मुदतीच्या आतला. खात्री करायची साधी रीत शेतकऱ्यांच्या हाताशी आहे. शंभर किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात किलोभर ट्रायकोडर्मा मिसळायचा, सावलीत ढीग करायचा, ओलं गोणपाट टाकायचं आणि मधूनमधून खालीवर करायचं. माल जिवंत असेल तर पंधरा-वीस दिवसांत ढिगावर पांढरी, मग हिरवी बुरशी दिसते. नाही दिसली तर पाकिटात नुसतं शंखजिरं होतं. आणि दिसली तर तेच खत वाफ्यात घालायचं; पाकीट थेट टाकण्यापेक्षा बुरशीला खाऊन-पिऊन तयार करून रानात नेणं केव्हाही चांगलं.

दुसरी, शेजारच्या पुड्याशी त्याचं जमत नाही. कार्बेन्डाझिमची आळवणी करून दोन दिवसांनी ट्रायकोडर्मा सोडला तर पैसे पाण्यात. दोन्ही वापरायचे तर मध्ये अंतर हवं, आणि बियाण्याला आधीच रासायनिक औषध चोळलेलं आहे का हे पिशवीवर वाचायला हवं. रंगीत बी म्हणजे बहुधा औषध लावलेलं बी.

तिसरी गोष्ट वेळेची. टोमॅटोचं झाड दुपारी मान टाकू लागलं, खोड चिरून पाहिलं तर आतून तपकिरी, मग धावत जाऊन ठिबकमधून दोन लिटर ट्रायको सोडला, असं अनेकदा होतं. तोवर फ्युजारियम झाडाच्या रसवाहिन्यांत पोचलेला असतो. तिथं ट्रायकोडर्माला प्रवेश नाही. तो मुळाभोवतीच्या मातीत आणि मुळाच्या बाहेरच्या सालीत राहतो. आधीच तिथं वस्तीला असेल तर शत्रूला खाईल, जागा अडवेल आणि झाडाचा स्वतःचा प्रतिकारही जागा करील.

वेळेचा हा मुद्दा आता अधिक अवघड झाला आहे, कारण वाफा शेतकऱ्याच्या हातातून गेला. नारायणगाव पट्ट्यात टोमॅटोचं रोप आज बहुतेक वेळा रोपवाटिकेतून येतं, प्रो-ट्रेमधल्या कोकोपीटमध्ये वाढलेलं, नगावर मोजून. कोकोपीट स्वच्छ असतं, तसंच रिकामंही असतं. भाजलेल्या राबासारखी, धुरी दिलेल्या मातीसारखी ती बिनवस्तीची जागा असते आणि तिथं पहिला कोण शिरेल यावर रोपाचं पुढचं आयुष्य बरंच अवलंबून राहतं. रोपवाटिकावाल्यानं बी टाकतानाच ट्रायकोडर्मा मिसळला, तर रोप रानात येतं तेव्हा मुळाला बिलगलेला साथीदार घेऊनच येतं. शेतकरी मात्र रोप घेताना वाण कोणता, वय किती आणि नगाला भाव काय, एवढंच विचारतो. त्या यादीत चौथा प्रश्न घालायला हवा: कोकोपीटमध्ये काय मिसळलं होतं, आणि कधी? लागवडीनंतरच्या सगळ्या आळवण्यांपेक्षा या प्रश्नाचं उत्तर जास्त मोलाचं आहे.